न घासलेली फळी

शाळेचं नाव काढलं की दादाला ठसका लागतो. त्यामुळे पाचवीच्या बाईंचा फोन आला, "कुणीतरी येऊन भेटून जा," तेव्हा तो रंधा हातात घेऊन एकदम कामसू झाला. वहिनी सकाळीच दवाखान्यात ड्यूटीवर गेली होती. राहिले मी. घरातली भांडणाची कामं तशीही माझ्याच वाट्याला येतात.

"तूच जा," दादा म्हणाला. "पण भांडू नकोस."

"मी कधी भांडते?"

त्याने रंध्याखालून एक लांबलचक ढलपा काढला. दादाची बोलायची पद्धत ही अशी.

आमचं लाकूडकामाचं दुकान आहे. दादा टेबलं-खुर्च्या करतो, मी त्यांना पॉलिश करते. दादाचा एकच नियम, आणि तो त्याने भिंतीवर लिहिलेला नाही कारण लिहायची गरजच पडली नाही: दुकानातून डाग बाहेर जाता कामा नये. भेग असेल तर पुट्टी भरायची, खरखर असेल तर घासायची, आणि लाकूड कापताना चुकलंच तर तो तुकडा लाकूड चिकटवायच्या सरसाच्या भांड्याखालच्या शेगडीत. गिऱ्हाइकाच्या नजरेला पडायच्या आधी राख. या नियमावर आमचं नाव चाललंय, आणि मला त्याचा अभिमान आहे, कुणी विचारो न विचारो.

फोन आला होता तो दादाच्या मुलीबद्दल. तिला सगळे मुंगी म्हणतात, कारण ती कायम काहीतरी उचलून कुठेतरी नेत असते. खिळा, सुतळीचा तुकडा, कुणाचं तरी टोपण. पाचवीत गेली आणि शाळा बदलली, मोठी इमारत, मोठा वर्ग. नव्या पुस्तकांची कव्हरं अजून करकरीत होती, इतक्यात हे बोलावणं.

बाई वयाने माझ्याहून लहान. जिना संपतो तिथे एक अरुंद खोली होती, एका कोपऱ्यात खेळायचे चेंडू जाळीत बांधून ठेवलेले. त्यांनी चष्मा डोक्यावर चढवून ठेवला होता आणि मी बसेपर्यंत तोच टेबलावर शोधत होत्या.

"डोक्यावर आहे," मी म्हटलं.

"असतोच," त्या म्हणाल्या आणि मुंगीची वही पुढे सरकवली. "हा घरचा अभ्यास. भागाकार बघा. एकही चूक नाही. खाडाखोडसुद्धा नाही. आणि हा वर्गातला पेपर."

पेपरावर मुंगीचं नाव होतं. त्याखाली काहीच नव्हतं. सुबक, स्वच्छ, कोरा कागद.

"मला वाटलं, घरचा अभ्यास कुणीतरी करून देत असेल," बाई म्हणाल्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बाई, आमच्या घरात असले धंदे चालत नाहीत. तिचा बाप भागाकाराचं नाव काढलं की बाहेर जाऊन उभा राहतो. आई घरी येते तेव्हा दमलेली असते. आणि मला पाढे येतात ते सुद्धा बारापर्यंत. कोण करून देणार?"

"मी चोरी म्हटलं नाही हो," त्या शांतपणे म्हणाल्या. समोरच्याने आवाज चढवला नाही की मला पुढे काय करायचं तेच सुचत नाही. "तिला काय अडतंय ते मला दिसत नाही, एवढंच म्हणतेय. शाळेच्या आधी मी जादा तास घेते. मोजकी मुलं असतात. तिला पाठवाल?"

"जादा तास म्हणजे ढ मुलांचा ना?"

"अडलेल्या मुलांचा. सुरुवातीला अडलं तर सुरुवातीलाच सोडवलेलं बरं, म्हणून आत्ताच घेते. वर्ष संपताना घेऊन काय उपयोग?" मग त्यांनी वही मिटली. "एक सांगून ठेवते. महिनाअखेरीला चाचणी आहे. तिथेही पेपर कोरा आला, तर गणिताच्या तासाला तिला चौथीत बसावं लागेल. तो निर्णय माझ्या हातात नाही."

घरी येऊन मी हे सगळं सांगितलं. वहिनी म्हणाली, "बरं झालं, पाठवूया." तिचं डोकं आमच्या घरात सगळ्यात जागेवर आहे. दादा म्हणाला, "हं." आणि मुंगीने चौथी हा शब्द ऐकला मात्र, तिच्या हातातला घास हातातच राहिला. याच शाळेत चौथीत शेजारचा गोट्या आहे. मुंगी त्याला बुटाची नाडी बांधायला शिकवते आणि त्याबद्दल दिवसभर त्याच्यावर दादागिरी करते. त्याच्या बाकावर जाऊन बसायचं म्हणजे तिच्या दृष्टीने जगबुडी. रात्री झोपताना तिने वहिनीला विचारलं, "चौथीत बसलेल्याला परत पाचवीत आणतात का गं?" वहिनीने मला हे सांगितलं आणि मी ठरवलं, तिला सोडायला मीच जायचं.

मग रोज सकाळी दुकानात जाताना मी तिला जादा तासाला सोडू लागले. ती जिना चढून जायची, मी खालून बघत राहायचे. आणि रोज तास संपला की बाई खिडकीतून मान हलवायच्या. आजही कोरा. मुंगी पेन्सिलीला छान टोक करायची, कागद सरळ ठेवायची, आणि पेन्सिल कागदाच्या वर धरून तास संपेपर्यंत बसायची. बाईंनी खडू दिला, फळ्यापाशी बोलावलं, मणी दिले, गोष्ट सांगून भागाकार घातला. ही तोंडात मिठाची गुळणी धरून उभी.

"अगं, चुकलं तर चुकलं, काहीतरी लिही ना!" एकदा रस्त्यात मी तिच्यावर ओरडलेच. "कोरा कागद देऊन काय मिळतंय तुला?"

"कोरा चुकीचा नसतो," ती म्हणाली.

मी तिचं दप्तर माझ्या खांद्यावर घेतलं आणि चालू लागले.

एके दिवशी दुपारी मी दुकानात एका कपाटाच्या दाराला चपड्याच्या पॉलिशचा हात देत होते. तेवढ्यात मागच्या बाजूने घासायचा आवाज आला. पॉलिश पेपर कुठला आहे ते मला आवाजावरून कळतं. हा जाडाभरडा पेपर होता, आणि त्या दिवशी जाड्या पेपरने घासायचं काही कामच नव्हतं. कोण माझ्या तयार मालाची वाट लावतंय म्हणून मी बोळा तसाच हातात घेऊन मागे गेले.

भुशाच्या पोत्यावर मुंगी बसली होती. मांडीवर प्लायचा एक तुकडा, त्यावर सुताराच्या जाड पेन्सिलीने घातलेला भागाकार. ती तो जीव खाऊन घासत होती. कपाळावर घाम, नाकावर भुसा. घासून झालं, फुंकर मारली, हात फिरवून बघितला, अगदी मी बघते तसा. मग त्याच गुळगुळीत जागेवर तिने तोच भागाकार पुन्हा मांडला. उत्तर काढलं, गुणून ताळा केला, तो जुळला नाही. पुन्हा पॉलिश पेपर. तिच्या पायाशी असे तुकडे पडले होते, कुठेकुठे घासून घासून खड्डे पडलेले, एकाचा तर वरचा थरच उडाला होता.

मी तिच्यासमोर बसले. "घरचा अभ्यास असा करतेस रोज?"

ती दचकली. मग म्हणाली, "ताळा जुळेपर्यंत आकडे बदलून बघते. जुळला की वहीत उतरवते."

"आणि वर्गात?"

"वर्गात पॉलिश पेपर कुठे असतो?"

"खोडरबर असतं की!"

"रबराने ठसा राहतो, आत्या. उजेडात धरलं की दिसतो." तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज अगदी हिशेबी. "डाग दिसता कामा नये ना? बाबा चुकले तर ते कुणी बघितलंय का कधी? तू बघितलंयस?"

मी आठवून बघितलं. लग्न मोडून परत आले त्या दिवसापासून मी या दुकानात आहे. शेगडीत जळताना तुकडे बघितले होते. चूक मात्र कधीच बघितली नव्हती. दादाने मला दाखवली नव्हती आणि मी विचारलं नव्हतं.

करवतीचा आवाज थांबलेला मला जाणवला. दादा दारात उभा होता. केव्हापासून उभा होता कुणास ठाऊक. तो वळून आत गेला, आणि मला वाटलं, झालं, गेला हा बाहेर उभा राहायला. पण तो परत आला. त्याच्या हातात खुर्चीचा एक पाय होता.

"हा बघ," तो मुंगीला म्हणाला आणि पोत्याशेजारी खाली बसला. "सकाळी चुकला."

तिने पाय हातात घेऊन उलटसुलट केला. "कुठे?"

"या खाचेत. ही खूण दिसते? खुणेच्या अलीकडून कापायचं होतं, मी पलीकडून कापलं. करवतीच्या पात्याएवढंच गेलं, पण आता आडवी पट्टी यात हलत राहणार."

"मग जाळला का नाही?"

"नवीन व्हायचाय अजून." दादाने तो पाय तिच्या हातून घेऊन मांडीवर ठेवला. "नवीन पाय कापताना हा शेजारी लागतो. कुठे गेलं होतं ते डोळ्यासमोर नसेल तर हात परत तिथेच जातो. नवीन नीट बसला की मग हा शेगडीत."

"आधी नाही?"

"आधी जाळला तर बघू कशाकडे?"

मुंगी विचार करू लागली. मी पण. इतकी वर्षं मला वाटायचं, दादा चुकलेले तुकडे रागाने जाळतो. त्याच्या मागच्या कोपऱ्यात ते शेजारी मांडलेले असतात आणि काम संपेपर्यंत थांबलेले असतात, हे मला ठाऊकच नव्हतं. एका छपराखाली राहून माणूस माणसाला किती कमी दाखवतो, असं वाटून मला उगीचच रडू आलं. मी चपड्याच्या वासावर ढकललं.

"बाबा," मुंगी म्हणाली, "हा तुम्ही बाईंना दाखवाल?"

दादाला ठसका लागला. खराखुरा.

"तुम्ही हा दाखवलात तर मी फळी दाखवीन. न घासता."

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी अजिबात मदत केली नाही. कपाटाच्या दाराकडे निघून गेले आणि कान मागे ठेवले. दाराचा एक कोपरा पॉलिश झाला. मग दादाचा आवाज आला, "सकाळी किती वाजता असतो तो तास?"

दुसऱ्या दिवशी आमची वरात निघाली. दादाने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि खुर्चीचा पाय काखोटीला मारला होता. मुंगीने फळी छातीशी धरली होती, लिहिलेली बाजू आत. मी गंमत बघायला. एका दुकानदाराने विचारलं, "खुर्ची शाळेत पोचवताय?" दादा म्हणाला, "थोडीशी."

जिना चढताना त्याची पावलं जड झाली. त्या अरुंद खोलीत चार-सहा मुलं बसली होती. बाईंनी आम्हा तिघांकडे पाहिलं, मग पायाकडे, आणि चष्मा डोक्यावरून खाली घेतला.

"हे काय आणलंत?"

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. मी ते गिळलं. हे दादाचं काम होतं.

"चुकलाय," दादा म्हणाला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "माझ्या हातून. इथे. खुणेच्या पलीकडून कापला." आणि त्याने पाय त्यांच्या टेबलावर ठेवला.

बाईंनी खाचेत बोट घालून बघितलं. हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांना जन्मभर चांगलं म्हणेन. "अच्छा, इतकंसं चुकलं तरी पट्टी हलते?" त्यांनी विचारलं.

"हलते."

मग मुंगी पुढे झाली. एक क्षण मला वाटलं, ही मागे वळून पळणार. तिने फळी पायाशेजारी ठेवली आणि उलटी केली.

फळीवर भागाकारच भागाकार होते, वरपासून खालपर्यंत, आणि एकही घासलेला नव्हता. बाई वाकल्या. बोटाने एकेक ओळ बघू लागल्या. मुंगीने दादाच्या शर्टाचं टोक मुठीत धरलं होतं, इस्त्रीची पार वाट लावून.

"हा मला करून दाखव," बाई म्हणाल्या. "बाराशे चोवीस भागिले सहा."

"सहा दुणे बारा," मुंगी पुटपुटली. "खाली दोन उतरवला. दोनात सहा जात नाही, म्हणून चार उतरवला. सहा चोक चोवीस. उत्तर चोवीस." मग आणखी हळू, "ताळा जुळत नाही."

"दोनात सहा जात नाही, तेव्हा वर काय लिहिलंस?"

"काहीच नाही. गेलाच नाही ना."

"गेला नाही, तेही लिहायचं असतं. शून्य." बाईंनी पेन्सिल घेतली आणि दोन आणि चार यांच्या मध्ये एक गोल काढला. "दोनशे चार. आता गुणून बघ."

मुंगीने गुणलं. ओठ हलत होते. मग ती थांबली, फळीकडे बघत राहिली, आणि स्वतःच दुसऱ्या भागाकाराकडे गेली. तिथेही शून्य गाळलेलं. तिसऱ्यात तेच. बाईंनी तिला थांबवलं नाही. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा मान उंच करून बघत होता, तो एकदम ओरडला, "बाई, माझं पण असंच येतं!"

"मुंगी," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की जणू त्यांचीच हरवलेली वस्तू सापडली होती, "अगं, तुला सगळं येतंय. ही एवढी एक जागा. मी किती दिवस शोधत होते! कुठे लपवून ठेवलं होतंस हे?"

"घासून टाकायचे," मुंगी म्हणाली.

खाली रस्त्यावर आल्यावर दादाने रुमाल काढून मान पुसली. "बऱ्या आहेत बाई," तो म्हणाला. एवढं बोलून त्याचा दिवसभराचा कोटा संपला.

महिनाअखेरीला चाचणी झाली. त्या दिवशी मी कपाटाच्या एका दाराला दोनदा पॉलिश केलं आणि दुसऱ्याला विसरले. शाळा सुटायच्या वेळी जाऊन फाटकापाशी उभी राहिले. मुंगी आली ती चालत. पळत नाही, रडत नाही, हसत नाही. माझा जीव टांगणीला.

"काय गं?"

"बाईंनी पेपर लगेच तपासला. म्हणाल्या, पाचवीतच."

मी तिला रस्त्यातच उचललं. ती आता उचलण्याएवढी लहान राहिलेली नाही, माझी कंबर दुसऱ्या दिवसापर्यंत बोलत होती.

"खाली ठेव, गोट्या बघतोय," ती म्हणाली. आणि मग, "जादा तास पण चालू ठेवायचा. मी विचारलं बाईंना, येऊ का अजून. अपूर्णांक अजून अडतात."

दुकानात आल्यावर तिने पेपर दादाच्या हातात दिला. सगळं काही बरोबर नव्हतं. एक उत्तर साफ चुकलं होतं. एका भागाकारात तिने परत शून्य गाळलं होतं, मग तिच्या ते ध्यानात आलं असावं. तिने त्यावर एकच आडवी रेघ मारली होती आणि खाली नवीन मांडला होता, शून्यासकट. चुकलेला वर तसाच होता. स्पष्ट वाचता येत होता.

दादाने पेपर उजेडात धरला. मग अंगठा त्या रेघेवरून फिरवला, तयार टेबल गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी फिरवतो तसा, सावकाश. पेन्सिल जोरात दाबलेली होती.

"हाताला लागतंय," तो म्हणाला.

"लागू दे, बाबा," मुंगी म्हणाली. "खालचा करताना मी तो बघत होते."